मुक्या जिवाची नोंद

ज्या डेन्मार्कने 1982 च्या कायद्यान्वये चित्रपट-अनुदानाचा किमान चतुर्थांश बालक व युवकांच्या चित्रपटांसाठी राखून ठेवला, तेथील मूल आणि त्याचे कुत्रे यांच्या खोड्यांनी रंगलेल्या कौटुंबिक विनोदपटातही एक गंभीर धर्मप्रश्न दडलेला असतो: या मुक्या जिवाची मोक्षाच्या दप्तरी नोंद आहे काय? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 8 व्या अध्यायात प्रेषित पौल अवघी सृष्टी मुक्तीसाठी कण्हत असल्याचे सांगतो. तथापि 2014 च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने सगोत्र प्रजनन टाळण्यास्तव मारिअस हा निरोगी जिराफ मारून, मुलांच्या देखत त्याचे विच्छेदन केले आणि मांस सिंहांस घातले. शरीरशास्त्राचा तो पाठ खरा होता. परंतु टेबलाखाली कुत्र्याला आपल्या ताटातला घास गुपचूप भरवणारे पोर मुक्या जिवाच्या बाजूने जी साक्ष देते, ती डेन्मार्कच्या ल्यूथरपंथी धर्मपीठाने नामंजूर करू नये, असे माझे निश्चित मत आहे.