कलम २२ आणि एक फोन

गेल्या पोळ्याच्या सुमाराची गोष्ट. माझे एक निवृत्त सहकारी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आपल्याच माजघरात मोबाइलसमोर बसून होते. पडद्यावर गणवेशातला माणूस, मागे राष्ट्रचिन्ह. ‘तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला आहे. तुम्ही अटकेत आहात. हलायचे नाही, कोणाला सांगायचे नाही.’ घरची मंडळी संत्र्याच्या बागेत गेलेली. संध्याकाळी नातीने मला बोलावून आणले, तोवर पुंजीतला मोठा भाग ‘तपासणीसाठी’ परक्या खात्यात गेला होता. १९३० हा क्रमांक तिलाच ठाऊक होता. तिने तो लावला म्हणून काही रक्कम वाटेतल्या खात्यात अडली; बाकीची गेली.

हे गृहस्थ अडाणी नव्हेत. तीस वर्षे त्यांनी नागरिकशास्त्र शिकवले. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, हे संविधानाचे कलम २२ त्यांना तोंडपाठ. मी विचारले, ‘‘मंग तुम्ही त्याले कागद काहून नाही मागितला?’’ ते म्हणाले, ‘‘कलम पोराईले शिकवाचं असते, मास्तर. पोलिसाले कोन इचारते?’’

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही.

सरकार स्वस्थ बसलेले नाही, हे मान्य केले पाहिजे. २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने सायबर गुन्ह्यांसाठी समन्वय केंद्र उभारले. ‘डिजिटल अरेस्ट’ असे काही कायद्यात नाहीच, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी स्वतः सांगितले. फोनच्या घंटीआधी सावधगिरीची सूचनाही आपण महिनोन्‌महिने ऐकली. पण गंमत पाहा, सरकारच्या नावाने येणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवू नका, असे सांगणारा आवाजही सरकारचाच. दोहोंतला खरा कोणता, हे कशावरून ओळखायचे? शिक्क्यावरून म्हणावे, तर या भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नावाचे खोटे आदेश दाखवले. त्या न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण मध्य प्रदेशात राहिलो. घर मराठीत बोलते, कचेरी हिंदीत. शुद्ध हिंदीत दरडावणारा आवाज म्हणजे सरकार, असे आपल्या कानांना वळणच पडले आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसरकरांची छिंदवाड्याची खेप वाचली. कान मात्र तेच राहिले.

मला वाटते, आमचे गुरुजी भोळेपणाने फसले नाहीत, आज्ञाधारकपणाने फसले. त्यांचा त्या माणसावर विश्वास नव्हता, भीती होती. विश्वास ज्याच्यावर असतो, त्याला आपण ‘थांबा, कागद दाखवा’ म्हणू शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्या, असा आदेश निघाला. ॲप कामाचे आहे. हरवलेला फोन त्यावरून बंद करता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत तेही कळते. पण लोकांनी ‘सक्ती का?’ असे विचारले आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. माझ्या मते जाहिरातींपेक्षा त्या एका माघारीने विश्वास अधिक वाढला असेल. उलट गुरुजी तक्रारीसाठी एका कचेरीत गेले, तेव्हा ‘या वयात इतकेही कळत नाही?’ असे ऐकून परतले. तिथे पुन्हा मान खालीच गेली.

दोष कचेरीवर टाकून मला सुटता येणार नाही. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पाटी हवी, अटकेचा मेमो हवा, हे डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्येच ठरले. यावर दोन गुणांचा प्रश्न मी किती वेळा काढला असेन! आणि त्याच वर्गात उलट प्रश्न करणाऱ्या पोराला ‘खाली बस’ असेही मीच म्हटले आहे.

दसऱ्यानंतर गुरुजींनी एक तास मागून घेतला. नववीच्या वर्गात त्यांनी सारी हकीकत सांगितली, रक्कमसुद्धा. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘‘सर, तुम्ही भेले काहून?’’ सवयीने माझा हात त्याला बसवण्यासाठी वर गेला. गुरुजींनी तो धरला आणि खुर्ची पुढे ओढून मुलाला म्हणाले, ‘‘सांगतो.’’