तक्रार तिची, करार त्याचा

मार्च २०१८ मध्ये वेगवान गोलंदाज महंमद शमीवर त्याच्या पत्नीने जाहीर आरोप केले. मारहाण आणि छळ हे त्यांतले मुख्य आरोप. जोडीला पैशांच्या एका संशयास्पद व्यवहाराचाही उल्लेख होता. कोलकाता पोलिसांनी गुन्हा नोंदवला. शमीने सगळे आरोप साफ फेटाळले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने त्या वर्षीच्या करारबद्ध खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव घेणे थांबवले आणि चौकशी लावली, ती भ्रष्टाचारविरोधी पथकाकडून. पैशांच्या व्यवहाराचा सामना-निश्चितीशी काही संबंध आहे का, एवढेच या पथकाने तपासले. तसे काही आढळले नाही आणि त्याच महिन्यात शमीला ‘ब’ श्रेणीचा करार मिळाला. मारहाणीचा आरोप या चौकशीच्या कक्षेतच नव्हता.

शमी दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवील. त्याबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. मला बोलायचे आहे ते मंडळाबद्दल. समोर दोन प्रकारचे आरोप होते. त्यांपैकी खेळाच्या बाजाराला धक्का लावू शकणारा आरोप तातडीने तपासला गेला आणि एका बाईच्या सुरक्षिततेशी निगडित असलेला आरोप ‘खासगी बाब’ म्हणून सोडून दिला गेला. यात कोणाचा दुष्टपणा होता असे मी म्हणत नाही. पहिल्या आरोपासाठी पथक होते, नियमावली होती, निवृत्त पोलीस अधिकारी होते. दुसऱ्यासाठी काहीच नव्हते आणि आजही फारसे नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये, हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांनी दूरचित्रवाणीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात स्त्रियांबद्दल हीन शेरेबाजी केली. मंडळाने दोघांना निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले. नंतर मंडळाचे लोकपाल डी. के. जैन यांनी प्रत्येकी २० लाख रुपये दंड केला. ही कारवाई योग्यच होती. पण दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की मंडळाची नजर कुठे असते ते दिसते. स्त्रियांबद्दलची वाईट भाषा पडद्यावर दिसली तेव्हा काही दिवसांत विमानाचे तिकीट काढले गेले. घरातल्या मारहाणीची तक्रार आली तेव्हा ‘न्यायालय बघून घेईल’ हे पुरेसे मानले गेले. मार्च २०१९ मध्ये पोलिसांनी शमीविरुद्ध आरोपपत्र दाखल केले. जूनमध्ये तो इंग्लंडमध्ये विश्वचषक खेळत होता. त्याने तो खेळावा की नाही, हा प्रश्न कोणत्या नियमाने सोडवायचा हेच ठरलेले नव्हते.

‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष’ या तत्त्वाचा मी मनापासून आदर करते. राज्यसत्तेने पुराव्याशिवाय कोणाला तुरुंगात टाकू नये यासाठी ते आहे आणि ते ढिले पडले तर सर्वांत आधी गरीब माणूस भरडला जातो. पण देशाच्या संघात खेळणे हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. याच शमीला जून २०१८ मध्ये अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीतून वगळले गेले, कारण तो यो-यो चाचणीत अनुत्तीर्ण झाला. धावण्याच्या एका चाचणीवरून खेळाडू बाहेर बसू शकतो आणि त्यात कोणाला नैसर्गिक न्यायाचा भंग दिसत नाही. मग गंभीर फिर्याद दाखल झाल्यावर ‘तूर्त थांब, आम्ही विचारपूस करतो’ एवढे म्हणण्यात तो कसा दिसावा?

दुसरी गोष्ट वेळेची. जुलै २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने शमीच्या पत्नीला आणि मुलीला मिळून महिना ४ लाख रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश दिला. तक्रारीला सात वर्षे उलटल्यानंतरही गोष्ट अंतरिम टप्प्यावरच होती. वेगवान गोलंदाजाची उमेदीची वर्षे एवढ्या काळात संपत येतात. आपल्याकडे निकालाची वाट पाहणे म्हणजे व्यवहारात प्रश्न सोडून देणे.

मग आरोप होताच घरी बसवावे का? या वाटेनेही एक मोठी लीग गेलेली आहे आणि तिचे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीमधल्या एका कॅसिनो-हॉटेलच्या लिफ्टमध्ये बाल्टिमोर रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रे राइसने आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारला. ती बेशुद्ध पडली. बेशुद्ध बाईला तो लिफ्टबाहेर ओढत आहे, ही चित्रफीत काही दिवसांतच सर्वांनी पाहिली. मार्चमध्ये दोघांचे लग्न झाले. मे महिन्यात क्लबने पत्रकार परिषद घेतली, पत्नीला राइसच्या शेजारी बसवले आणि त्या रात्री जे घडले त्यातल्या स्वतःच्या वाट्याबद्दल तिने खेद व्यक्त केला. हे तिचे म्हणणे क्लबने आपल्या अधिकृत खात्यावरून प्रसिद्धही केले. मार खाणाऱ्या बाईकडून माफी वदवून घेणे आपल्या घरांनाही अपरिचित नाही; इथे ते काम एका व्यावसायिक क्लबच्या प्रसिद्धी विभागाने केले. लीगच्या आयुक्तांसमोर राइसची बाजू ऐकली गेली तेव्हाही पत्नीला त्याच्याबरोबर एकाच खोलीत बसवून बोलते केले गेले. हिंसेच्या प्रकरणांत काम करणारी कुठलीही कार्यकर्ती सांगेल की अशा खोलीत खरे उत्तर मिळत नाही.

जुलैमध्ये शिक्षा जाहीर झाली, दोन सामन्यांची बंदी. त्याच उन्हाळ्यात गांजाबद्दलचा नियम पुन्हा मोडल्याबद्दल जॉश गॉर्डन या खेळाडूवर वर्षभराची बंदी घातली गेली; ती नंतर कमी झाली. लोक खवळले. ऑगस्टअखेर आयुक्त रॉजर गुडेल यांनी संघमालकांना पत्र लिहून चूक कबूल केली आणि पहिल्या गुन्ह्याला सहा सामने असा नवा दंडक घातला. मग ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतली चित्रफीत बाहेर आली. त्याच दिवशी क्लबने राइसला काढून टाकले आणि लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये लवाद म्हणून नेमलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बंदी रद्द केली. राइसने लीगपासून काही लपवले नव्हते आणि एकाच कृत्याला दोनदा शिक्षा देता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०१५ मध्ये माजी एफबीआय संचालक रॉबर्ट म्युलर यांचा अहवाल आला. लीगच्या हाती आधीपासून इतकी माहिती होती की तिने खोलात जाऊन तपास करायलाच हवा होता, असा त्याचा निष्कर्ष होता.

जुलै आणि सप्टेंबर यांच्यामध्ये ठोसा बदलला नव्हता. तो आता सगळ्यांनी पाहिला होता, एवढाच फरक. ज्या घरांत मार बसतो तिथे लिफ्टमधला कॅमेरा नसतो. दृश्य पाहून जागी होणारी व्यवस्था बाकीच्या सर्व बायकांना हेच शिकवते की चित्रफीत नसेल तर बोलू नका.

राइसवरच्या बेमुदत बंदीनंतर त्याच्या पत्नीने या कारवाईविरुद्ध जाहीर संताप व्यक्त केला. अनेकांनी ते तिच्या दबलेपणाचे लक्षण मानले. मला तसे सोपे उत्तर पुरत नाही. राइसचा २०१२ मधला करार पाच वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलरचा होता. करार संपला तेव्हा त्याच्यासोबत तिची आणि लहान मुलीची मिळकतही संपली. राइस पुन्हा कधी या लीगमध्ये खेळला नाही. पुढच्या खेळाडूच्या पत्नीने यातून काय समजायचे? तक्रार केली तर घराची चूल विझेल. खेळाडूची कमाई थोड्या वर्षांत भरभरून येते आणि पुढचे सारे आयुष्य तिच्यावर उभे असते. अनेकदा आई-वडील, भावंडे, गावाकडची माणसेही. त्यामुळे बोलू नकोस, हे तिला नवरा एकटाच सांगत नाही. सासर सांगते, कधी माहेरही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होते. आणि हिंसा सोसलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियांनी ना मदत मागितली होती, ना कोणाला सांगितले होते. शिक्षेची रचना करणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवून बसायला हवे. जी शिक्षा त्याच्याबरोबर तिलाही उपाशी ठेवते ती या मौनात भरच घालील.

म्हणून खेळणे आणि पैसा या दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. चौकशी चालू असताना खेळाडूला मैदानापासून दूर ठेवावे, पण मानधन चालू ठेवावे. शिक्षा ठरलीच, तर कापलेली रक्कम मंडळाच्या किंवा क्लबच्या तिजोरीत जाऊ नये. पत्नीच्या घरभाड्यासाठी, वकिलासाठी, मुलांच्या शाळेसाठी ती थेट तिच्या खात्यात जावी, ती त्याच्यासोबत राहो वा न राहो. पंड्या आणि राहुल यांच्या दंडातली निम्मी रक्कम निमलष्करी दलांतल्या शहीद जवानांच्या पत्नींसाठी आणि निम्मी अंध क्रिकेटपटूंसाठी होती. म्हणजे दंडाचा पैसा कुठे जावा हे ठरवण्याची रीत आपल्याकडे आहेच.

मानधन चालू ठेवून बाजूला बसवण्याची पद्धत अमेरिकन बेसबॉलने २०१५ मध्ये आणली. घरगुती हिंसेबद्दलचे तिथले धोरण लीग आणि खेळाडू संघटना यांनी मिळून लिहिले. न्यायालयात दोषी ठरणे ही त्यात शिक्षेची पूर्वअट नाही. तपास लीगचा स्वतंत्र असतो. २०१६ मध्ये या धोरणाखाली पहिली शिक्षा अरोल्डिस चॅपमन या खेळाडूला झाली, ३० सामने. त्याच्यावर खटला भरला गेला नव्हता, तरी त्याने अपील केले नाही. नियम त्याच्याच संघटनेने मान्य केलेले होते. याउलट अमेरिकन फुटबॉलमध्ये आयुक्तांच्या अधिकारात लादलेला नियम २०१७ मध्ये इझिकिएल एलियट या खेळाडूच्या प्रकरणात महिनोन्महिने कोर्टांत अडकला.

पण चॅपमनच्याच गोष्टीत या धोरणाची दुखरी जागाही आहे. डिसेंबर २०१५ मध्ये आरोप बाहेर आले तेव्हा लॉस एंजेलिसच्या क्लबशी त्याचा होऊ घातलेला व्यवहार थांबला. भाव पडलेला पाहून न्यू यॉर्क यांकीजने त्याला स्वस्तात घेतले. शिक्षा भोगून झाल्यावर, जुलै २०१६ मध्ये, त्यांनी त्याला शिकागोला देऊन बदल्यात चार खेळाडू मिळवले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पाच वर्षांसाठी ८ कोटी ६० लाख डॉलर मोजून परत आणले. शिकागोने मधल्या काळात त्याच्यासह जागतिक मालिका जिंकली. एका स्त्रीची तक्रार क्लबांसाठी सवलतीचा दर ठरली. हे वाचताना मला आयपीएलचा लिलाव आठवतो आणि भीती वाटते. खेळाडूला शिक्षा आणि त्याच्यातून नफा कमावणाऱ्या मालकाला काहीच नाही, असे धोरण अपुरे आहे. प्रलंबित चौकशी असलेल्या खेळाडूचा सौदा करता येऊ नये. आणि आरोप माहीत असून दडवणाऱ्या क्लबला गुण आणि पैसा दोन्ही गमवावे लागावेत.

खेळाडूवर अन्याय होण्याची शक्यताही खरी आहे. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने २०१९ मध्ये नियम केला की ११ वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेला की खेळाडू पगारासह आपोआप बाजूला बसेल. त्याहून हलक्या गुन्ह्यांत, विशेषतः स्त्रिया आणि मुले यांच्याशी संबंधित, निर्णय मुख्याधिकाऱ्याने घ्यायचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या जॅक डी बेलिनने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले आणि तो हरला. पुढे दोन खटले झाले, ज्यूरीचे एकमत होईना, अखेर मे २०२१ मध्ये सरकारी पक्षाने उरलेले आरोप मागे घेतले. दोन हंगामांहून अधिक काळ त्याचा गेला. तो परत मिळत नाही. म्हणून आपोआप आणि बेमुदत अशी जोडी मला मान्य नाही. बाजूला बसवण्याला दिवसांची मर्यादा हवी, त्या मर्यादेत स्वतंत्र तपास पूर्ण व्हायला हवा, खेळाडूला कागद दिसायला हवेत आणि अपील ऐकणारा माणूस मंडळाचा पगारी नसावा.

आपल्याकडे खरी अडचण इथे आहे. बेसबॉलचे धोरण टिकले कारण समोर खेळाडू संघटना होती. भारतात २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना फक्त निवृत्तांची आहे. खेळत्या खेळाडूंच्या वतीने बोलणारे कोणी नाही. मंडळ ज्याच्याशी बसून नियम लिहील असा दुसरा पक्षच नाही. त्यामुळे उद्या मंडळाने असा नियम केला तरी तो मर्जीचा नियम राहील. कर्णधाराला एक आणि राखीव यष्टिरक्षकाला दुसरा. खेळत्या खेळाडूंची संघटना ही मागणी स्त्रियांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही लावून धरली पाहिजे, ती याच कारणासाठी.

तपास कोण करील, हा प्रश्न मात्र अवघड नाही. मंडळाचे कार्यालय चर्चगेटला वानखेडे स्टेडियमवर आहे. तिथून काही किलोमीटरवर, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयात, १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष आहे. तिथल्या कार्यकर्त्यांनी चाळीस वर्षे हेच काम केले आहे: बाईशी एकटीशी बोलणे, तिला काय हवे आहे ते आधी विचारणे, नवऱ्याला वेगळे बोलावणे, धोका किती आहे त्याचा अंदाज घेणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकारीही दिले आहेत. भ्रष्टाचारासाठी मंडळाने पोलीस खात्यातले अनुभवी लोक घेतले. या कामासाठी या कार्यकर्त्यांना मानधन देऊन बोलवावे. त्यांच्याकडे यायला पोलिसांत फिर्याद हवीच अशी अट नसावी. कित्येकींना नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबायला हवा असतो, आणि काहींना फक्त सुखरूप बाहेर पडायचे असते. यांपैकी कशासाठीही दार उघडे हवे.

मंडळ दर वर्षी करारांची नवी यादी काढते. प्रत्येक खेळाडू त्या कागदावर सही करतो. जाहिरातींपासून सट्टेबाजांशी न बोलण्यापर्यंतच्या अटी त्याला पाळाव्या लागतात. घरातल्या हिंसेबद्दलचे कलम, चौकशीची मुदत आणि कापलेल्या मानधनावर पत्नी-मुलांचा पहिला हक्क, या तीन गोष्टी त्या करारात येण्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना कोणाचा निकाल. महिला खेळाडूंचे करारही हेच मंडळ करते. तेच कलम त्यांच्याही कागदावर असावे, आणि त्याखाली मदत मागण्याचा हक्क स्वतः मार सोसणाऱ्या खेळाडूलाही असावा.