नाबोथाचा द्राक्षमळा

एलीया संदेष्टा यार्देन नदीपलीकडच्या गिलाद प्रांतातला. हिब्रू धर्मग्रंथात तो एकाएकी येतो आणि थेट अहाब राजापुढे उभा राहून आता पाऊस पडणार नाही असे बजावतो. उत्तर इस्राएलचा हा राजा लहानसहान नव्हता. इ.स.पू. 853 मध्ये कर्कर येथे असिरियाविरुद्ध लढलेल्या आघाडीत त्याचे 2,000 रथ होते, अशी नोंद शत्रूनेच शिलालेखात करून ठेवली आहे. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्या पाठबळाने राज्यात बआल या देवाची उपासना बळावली होती.

दुष्काळात एलीया ज्याच्या काठी राहत होता तो करीथचा ओढा आटल्यावर तो सारफथ गावी गेला. हे गाव ईजबेलच्याच माहेरच्या मुलखातले. तिथे वेशीजवळ एक विधवा काटक्या वेचत होती. घरात मूठभर पीठ आणि बुडाशी थोडे तेल उरलेले. त्याची शेवटची भाकर करून मुलासह मरणाची वाट पाहायची, एवढेच तिच्यापुढे होते. एलीयाने तिच्याकडेच आधी आपल्यासाठी भाकर मागितली. मागणी निष्ठुर वाटते खरी, पण तिने दिली आणि दुष्काळ संपेपर्यंत तिच्या घरचे पीठ सरले नाही. इस्राएलच्या संदेष्ट्याला परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या बाईने जगवले, हे ग्रंथकाराने लपवलेले नाही.

कर्मेल डोंगरावरचा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध. बआलचे 450 संदेष्टे एका बाजूला, एलीया एकटा दुसऱ्या बाजूला; ज्याचा देव अग्नी पाठवील तो खरा, अशी पैज. पाणी ओतून चिंब केलेल्या एलीयाच्या वेदीवर आकाशातून अग्नी उतरला, लोकांनी जयघोष केला आणि बआलच्या संदेष्ट्यांची किशोन ओढ्याकाठी कत्तल झाली. चित्रकारांना हाच प्रसंग भावला असला, तरी एलीयाचे मोठेपण इथे शोधू नये. ईजबेलची एक धमकी येताच तो बैर-शेबापर्यंत पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. पुढे होरेब पर्वतावर सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, आग आली. या तिन्हींत देव नव्हता. त्यानंतर आला तो अगदी हळुवार आवाज. कर्मेलवर अग्नी मागणाऱ्याला मिळालेला हा धडा कथेनेच दिला आहे. आपण एकटेच उरलो, हे एलीयाचे गाऱ्हाणेही तिथे खोडले गेले: बआलपुढे गुडघे न टेकलेले 7,000 जण देशात अजून होते.

त्याची खरी कसोटी इज्रेलला लागली. तिथे राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाबाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. बदल्यात चांगली जमीन किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता. व्यवहार वरकरणी रास्तच म्हणायचा. पण नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन देणार नाही. त्यामागे केवळ हट्ट नव्हता. जमीन देवाची, ती कायमची विकता येत नाही, हे इस्राएलच्या धर्मशास्त्राचे सूत्र होते. राजा जेवणखाण टाकून तोंड फिरवून निजला. मग राणीने राजाच्या शिक्क्याने पत्रे धाडली, उपासाचा दिवस जाहीर करवला, दोन खोटे साक्षीदार उभे केले. देवनिंदेचा आरोप ठेवून नाबोथाला गावाबाहेर दगडांनी ठेचून मारले. सगळे रीतसर झाले. कायद्याला हव्या असलेल्या दोन साक्षीसुद्धा होत्या. हा तपशील आजही अंगावर काटा आणतो.

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा एलीया तिथेच त्याच्यासमोर आला. खून करून वर वतनही बळकावलेस का, असे विचारून त्याने राजाला घराण्याच्या नाशाची शिक्षा सुनावली. इथे अग्नी नाही, चमत्कार नाही, जमावही नाही. शेतकरी मेला होता, तो परत येणार नव्हता; तरी राजाला त्याचे नाव ऐकावे लागले. अहाबाने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला आणि देवाने शिक्षा लांबवली. खुद्द अहाबालाही पश्चात्तापाची वाट मोकळी ठेवणारी ही कथा म्हणूनच सूडकथा होत नाही.

एलीया अग्निरथाच्या साक्षीने वावटळीतून स्वर्गात गेला, झगा शिष्य अलीशाकडे राहिला. मेला नाही म्हणून तो परत येईल, ही श्रद्धा यहुदी घरांत रुजली. वल्हांडण सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा प्याला भरून दार उघडतात. मूळ कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात तो एलियाहू हन्नबी म्हणून घरोघरी ओळखीचा आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्याच्या रथाच्या खुणा कातळावर दाखवतात. नवस फेडताना किंवा लग्नकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात: ताटात भिजवलेले गोड पोहे, वर खवलेला नारळ, भोवती फळे, प्रार्थना झाली की तो सगळ्यांना वाटतात.