हर्मिस दारातून परत जातो

ग्रीक पुराणकथा म्हटलं की आधी देव आठवतात. ऑलिम्पस पर्वतावरचा झ्यूस आणि त्याची वीज, अपोलोचं धनुष्य, समुद्र खवळवणारा पोसायडन. या देवांच्या सामर्थ्याला पार नाही. पण कसं वागावं हे शिकायला त्यांच्याकडे गेलं, तर फारसं काही हाती लागत नाही. ते रुसतात, पक्षपात करतात, एकमेकांना फसवतात आणि सूर्य मावळेपर्यंत पुन्हा एका पंगतीला बसतात. ‘इलियड’चा पहिला सर्ग अशाच एका मेजवानीवर संपतो. खाली ग्रीकांची छावणी साथीच्या रोगाने नुकतीच होरपळली आहे, चिता जळून गेल्या आहेत, आणि वर लंगडत पेले भरणाऱ्या हिफेस्टसला पाहून सगळे देव हसत सुटले आहेत.

त्याच काव्याच्या शेवटच्या, 24व्या सर्गात एक रात्र येते. ग्रीक कथांमधला सगळ्यात मोलाचा धडा मला त्या रात्रीत दिसतो, आणि तो देवांनी दिलेला नाही.

होमरच्या नावावर असलेलं हे काव्य इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आलं असं मानतात. ओळी 15 हजारांहून अधिक, तरी त्यात दहा वर्षांच्या ट्रॉयच्या युद्धातले काही आठवडेच येतात. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर ग्रीक योद्धा अकिलीसच्या जिवलग मित्राला, पॅट्रोक्लसला, ठार करतो. अकिलीस हेक्टरला मारतो, पण तेवढ्याने त्याचं समाधान होत नाही. तो हेक्टरच्या घोट्यांमागच्या शिरांना भोकं पाडतो, त्यातून कातडी वादी ओवतो आणि प्रेत रथामागे बांधून फरफटवतो. मग रोज पहाटे पॅट्रोक्लसच्या समाधीभोवती तीन फेऱ्या. झोप नाही, अन्नावर वासना नाही. मित्र परत येत नाही आणि सूडही पुरा होत नाही.

बाराव्या दिवशी देवांच्या सभेत अपोलो तोंड उघडतो. भाऊ गेला, मुलगा गेला, तरी माणूस रडतो आणि केव्हातरी थांबतो, सोसणारं काळीज नियतीने माणसालाच दिलं आहे, या अकिलीसची मात्र दयाच मेली आहे, अशी त्याची तक्रार. झ्यूसच्या पत्नीला, हेराला, ते रुचत नाही. शेवटी झ्यूस मार्ग काढतो. अकिलीसची आई थेटिस जलदेवता आहे. तिच्याकरवी त्याला निरोप जातो की मोबदला घे आणि प्रेत परत दे. हेक्टरच्या म्हाताऱ्या बापाला, राजा प्रायमला, निरोप जातो की भेटी घेऊन एकटा जा, सोबत फक्त गाडी हाकणारा एक वयस्क सेवक असू दे. वाटेत सांभाळायला देवांचा दूत हर्मिस याला धाडलं जातं.

हर्मिस तरुण शिपायाच्या रूपात येतो, घोड्यांचे लगाम हाती घेतो, पहारेकऱ्यांना झोप आणतो. अकिलीसच्या निवाऱ्याच्या फाटकाला असा अडसर आहे की तो सरकवायला तीन माणसं लागतात. अकिलीस तेवढा एकटा सरकवतो. हर्मिस तोही काढून देतो. आणि मग, आत शिरायची वेळ आली तेव्हा, आपण कोण ते सांगून तो निघून जातो. अमर देवाने मर्त्यांचा पाहुणचार असा उघडपणे घेणं शोभत नाही, एवढंच त्याचं कारण.

मी या जागी दर वेळी थांबतो. देवाने रस्ता दाखवला, पहारा झोपवला, दार उघडलं. पण ज्याने मुलाला मारलं त्याच्यासमोर उभं राहायचं काम त्याने प्रायमवरच सोडलं.

प्रायम आत जातो. अकिलीसचं जेवण नुकतंच झालं आहे, पुढ्यातलं ताट-मेज अजून उचललेलं नाही. कुणाच्या लक्षात येण्याआधीच म्हातारा त्याचे गुडघे धरतो आणि त्याच्या हातांचं चुंबन घेतो. याच हातांनी त्याची कितीतरी मुलं मारली आहेत. पन्नास मुलांचा बाप होता प्रायम. तो न्याय मागत नाही, हेक्टरचे गुण गात नाही. तो म्हणतो, तुझ्या बापाला आठव. माझ्याच वयाचा आहे. त्याला निदान तू जिवंत असल्याची बातमी कळते, तू परतशील अशी आशा तरी आहे.

अकिलीसला ठाऊक आहे की तो परतणार नाही. हेक्टरमागोमाग त्याचंही मरण ठरलेलं आहे. आईनेच तसं सांगितलं होतं. म्हणजे प्रायमला जे आज भोगावं लागतंय ते उद्या त्याच्या बापाच्या, पेलेउसच्या, वाट्याला येणार. मग दोघं रडतात. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. एकमेकांसाठी कुणीच रडत नाही, हे होमरने किती खरं लिहिलं आहे! दोघांची दुःखं वेगळी आहेत, फक्त छप्पर एक आहे. तरीही रडून झाल्यावर अकिलीस म्हाताऱ्याला हाताला धरून उठवतो.

इथे कुणाला वाटेल की काळीज पाझरलं, राग संपला. होमर तसं लिहीत नाही. अकिलीस प्रायमला बसायला सांगतो, तर तो म्हणतो, हेक्टर तिकडे तसाच पडला असताना मला बसवू नकोस, तो लवकर माझ्या हवाली कर. झालं, अकिलीसचे डोळे फिरतात. मला डिवचू नकोस, नाहीतर आसऱ्याला आलेल्या म्हाताऱ्यावरही माझा हात पडेल, असं तो बजावतो आणि तडक बाहेर जातो.

बाहेर तो काय करतो? भेटींमध्ये आलेल्या वस्त्रांतली दोन पांघरुणं आणि एक अंगरखा बाजूला काढून ठेवतो, प्रेत गुंडाळायला. दासींना सांगतो, अंग धुवा, तेल लावा, पण पलीकडे नेऊन, बापाच्या नजरेआड. का? मुलाला पाहून प्रायमला राग अनावर होईल, त्याचा राग पाहून माझं डोकं फिरेल आणि मी त्याला मारून टाकीन, म्हणून. नंतर तो स्वतः हेक्टरला उचलून तिरडीवर ठेवतो, आणि ठेवताना कण्हत पॅट्रोक्लसची क्षमा मागतो.

मला अकिलीस मोठा वाटतो तो या जागी. त्याचा राग गेलेला नाही. तो आपल्याला केव्हा, कशाने चढतो हे त्याला आता नेमकं कळतं आणि तो आधीच तजवीज करतो. प्रेत दुसरीकडे न्यायचं, मध्ये आडोसा ठेवायचा. चांगलं वागायला मन आधी निर्मळ व्हावं लागतं अशी आपली समजूत असते. इथे मन गढूळच आहे आणि त्याच मनाच्या माणसाने एका म्हाताऱ्याचा जीव वाचवला आहे, स्वतःपासून.

व्हिएन्नाच्या संग्रहालयात मद्याचं एक ग्रीक मातीचं पात्र आहे, इ.स.पू. 490 च्या सुमाराचं. ब्रिगॉस चित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलावंताने त्यावर हीच रात्र रंगवली आहे. अकिलीस मंचकावर रेलून जेवतो आहे, प्रायम डावीकडून येतो आहे, आणि हेक्टरचं जखमांनी भरलेलं प्रेत थेट मंचकाखाली पडलं आहे. पाहणाऱ्याला ते विसरताच येत नाही. चित्रकाराचा रोख मला पटतो. पण होमरने प्रेत नजरेआड केलं ते अधिक खोल आहे, कारण त्या आडोशामुळेच पुढचं जेवण शक्य होतं.

हो, दोघं जेवतात. अकिलीस नायोबीची गोष्ट सांगतो: बारा मुलं एकदम गेली, तरी रडून दमल्यावर तिलाही अन्नाची आठवण झाली. मेंढी कापली जाते, भाकरी वाढली जाते. हेक्टर गेल्यापासून प्रायमने अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं, डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. जेवण झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत राहतात आणि दोघांनाही नवल वाटतं, हा किती देखणा, हा किती भारदस्त.

आपल्याकडे रावण पडल्यावर बिभीषण त्याच्या अंत्यसंस्काराला कचरतो, तेव्हा वैर आता संपलं असं राम त्याला समजावतो. तिथे शहाणपण रामाच्या तोंडून येतं. इकडे वरून आलेली आज्ञा अगदी तोकडी आहे: मोबदला घे, प्रेत दे. बापाची आठवण, अंग धुणं, पांघरूण, भाकरी, म्हाताऱ्यासाठी घातलेलं अंथरूण, यातलं काहीच तिच्यात नव्हतं. झोपण्यापूर्वी अकिलीस विचारतो, अंत्यसंस्काराला किती दिवस हवेत? तेही आज्ञेत नव्हतं. प्रायम हिशेब सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी, आणि लढायचंच असेल तर बाराव्या दिवशी. अकिलीस कबूल होतो आणि प्रायमच्या उजव्या मनगटाला धरून धीर देतो. मध्यरात्री हर्मिस पुन्हा येतो आणि प्रायमला सुखरूप बाहेर काढतो.

यातून युद्ध थांबलं नाही. पुढच्या कथांत ट्रॉय जळतं, आणि झ्यूसच्या वेदीपाशी आसरा घेतलेल्या प्रायमला मारणारा निओप्टोलेमस हा अकिलीसचाच मुलगा असतो. वेदीवरून झ्यूस त्याला वाचवत नाही. ‘इलियड’ मात्र तिथवर जात नाही. लाकडी घोडासुद्धा त्यात येत नाही. ते हेक्टरच्या समाधीशी संपतं. अकिलीसच्या शब्दावर विसंबून ट्रॉयची माणसं नऊ दिवस शहराबाहेर जाऊन लाकडं आणतात. अकराव्या दिवशी समाधीवर माती लोटतानाही त्यांनी चहूकडे टेहळे उभे केलेले असतात, ग्रीक मुदतीआधी चाल करून आले तर म्हणून. मुदत संपेपर्यंत कुणी येत नाही.