पाप कोणाच्या पदरीं?

कोणत्याही कर्माचा दोष कर्त्याच्या हेतूवरून ठरवावा, असें आपण बहुतेक जण मानतों. हें मत किती अपुरें आहे, तें जपानांतील जिंझू नदीच्या कांठीं कळून येतें. नदीच्या वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजांत कॅडमियम हा धातु मिसळलेला असतो. खाणीचें सांडपाणी नदींत उतरे आणि तेंच पाणी खालीं तोयामाच्या भातखाचरांत जाई. पिकाच्या मुळांस या दोन धातूंतला भेद नीटसा उमगत नाहीं. तांदूळ दिसावयास पांढराशुभ्र. खाणाऱ्याच्या मूत्रपिंडांत मात्र विष वर्षानुवर्षें सांचत राही. शेवटीं हाडें इतकीं ठिसूळ होत कीं नुसत्या खोकल्यानें मोडत. रोगी बहुतेक उतार वयाच्या, अनेक मुलांच्या माता. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतें, दुखतें', हें नांव पडलें.

डॉ. नोबोरू हागिनो यांनीं खाणीकडे बोट दाखविलें. सरकारनें १९६८ सालीं तें कारण मान्य केलें आणि १९७१ सालीं न्यायालयानें कंपनीस जबाबदार धरलें. जपानच्या खाण-कायद्याप्रमाणें कंपनीची हयगय सिद्ध करण्याची गरजच नव्हती. खाणीच्या पाण्यानें नुकसान झालें एवढें दाखविणें पुरे होतें. आम्हांस हीच गोष्ट फार महत्त्वाची वाटते. विष सोडणारा, पिकविणारा, विकणारा आणि खाणारा हे चौघे जेथें वेगळे, आणि कर्म व फळ यांत कित्येक वर्षांचें अंतर, तेथें हेतु शोधूं गेल्यास सगळेच निर्दोष ठरतात आणि हाडें मोडावयाचीं तीं मोडतातच.

मुंबईस रेल्वेरुळांलगत नाल्याच्या पाण्यावर कित्येक वर्षें पालक पिकविला गेला. आम्ही सुशिक्षित लोक नाकें मुरडून मळेवाल्यास बोल लावीत आलों. (तो नाला भरतो कोण, हें विचारण्याची मात्र आम्हांस फारशी संवय नाहीं!) त्या गरिबाला दुसरें पाणी कोणीं दिलें होतें? मैल्यांतील जंतु भाजी शिजवल्यानें मरतात. धातु उकळून मरत नाहींत, आणि पालकासारख्या पालेभाज्या तर कॅडमियम विशेष ओढून घेतात. हे धातु नाल्यांत येतात ते मुख्यतः मुलाम्याच्या, रंगांच्या, बॅटऱ्यांच्या कारखान्यांतून. तेथील मालकांस 'आम्हांस ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं. सांडपाणी दारांतच शुद्ध करावयास खर्च येतो, हें खरें. पण विष एकदां मातींत मुरलें म्हणजे तें काढावयास काय पडतें, तेंही ठाऊक आहे. जिंझूकांठच्या बाधलेल्या खाचरांची माती बदलण्याचें काम २०१२ सालापर्यंत चाललें होतें.