मुका बिघाड

इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या शेडमध्ये अण्णा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. 48 माग एकदम खडखडायचे. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. पण त्या गदारोळात उभे राहून अण्णा नुसत्या आवाजावरून सांगत, "अकरा नंबरचा पिकर सैल झालाय." जाऊन पाहावं, तर झालेला असे.

एके वर्षी मालकांनी कामगारांच्या कानांची तपासणी ठेवली. तीही सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, शेडमध्ये पाऊल टाकण्याआधी. गोंगाटातून नुकताच बाहेर आलेला कान काही तास बधिर असतो, खरं माप देत नाही.

अण्णा हसले. "तीस वर्षं या कानांवर माग चालवले. माझे कान काय बघताय?"

"अण्णा, पहिलं नाव तुमचंच घातलंय," मालक म्हणाले.

बंद खोलीत अण्णांनी हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना ते दाबत गेले. मग बोट बराच वेळ तसंच राहिलं.

"मशीन बंद पडलं काय?"

तपासणाऱ्या मुलीने मान हलवली. मशीन चालूच होतं.

तिने कागद दाखवला. सरळ येणारी रेघ 4000 हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. "बारीक आवाज आधी जातात, अण्णा. माणूस बोलतोय ते कळतं, पण स, त, फ गळतात."

अण्णांना नात आठवली. तिने शाळेचं गॅदरिंग सातला सांगितलं होतं. ते आठला पोचले, तेव्हा मंडपात खुर्च्या गोळा करणं चाललं होतं. "तोंडातल्या तोंडात बोलतेस," म्हणून वर तिलाच रागावले होते.

"औषध काय यावर?"

"कानातल्या ऐकणाऱ्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. उरल्यात त्या राखायच्या."

अण्णांनी फोमचा इअरप्लग चिमटीत वळून बारीक केला आणि कानात सारला. दाराशी एक तरुण कामगार तपासणी चुकवून आत सटकत होता. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"माग बिघडायच्या आधी कुरकुरतो, पोरा. कान मुकाट जातो. जा, नंबर लाव."

तात्पर्य : जे कुरकुर न करता झिजतं, ते वेळच्या वेळी मोजून पाहावं.