बीएस-६ म्हणजे ३५ मार्क

उभाच राहा. बसायला अजून सांगितलेलं नाही.

गाडी ठरवलीस, बुकिंगचे पैसे भरून आलास, आणि धुराचं काय बघितलंस असं विचारल्यावर छाती फुगवून सांगतोस, "बाई, बीएस-६ आहे!" अरे शहाण्या, १ एप्रिल २०२० पासून या देशात बीएस-६ नसलेली नवी पेट्रोल-डिझेल कार विकताच येत नाही. शोरूममधली सगळ्यात स्वस्त गाडी बीएस-६, आणि तुझ्या पगाराला न पेलणारी ती धिप्पाड एसयूव्हीसुद्धा बीएस-६. मग त्या शिक्क्याचा निवड करायला उपयोग काय झाला? बीएस-६ म्हणजे ३५ मार्क. वर्गातली सगळी पोरं पास झाली, एवढंच त्यातून कळतं. काठावर कोण आणि पहिला कोण, हे बघायला मार्कलिस्ट लागते. मागितलीस? नाही. सेल्समन बोलत गेला आणि तू मान डोलावत गेलास.

मार्कलिस्ट असते. तिचं नाव फॉर्म २२. नोंदणीच्या कागदांत तो लागतोच, कंपनीच देते. त्यात कार्बन मोनॉक्साइड किती, नायट्रोजनचे ऑक्साइड किती, हे लिहिलेलं असतं. शेजारी मर्यादा मांड: नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी पेट्रोल कारला किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅम, डिझेलला ८०. बीएस-४ मध्ये डिझेलला २५० ची मुभा होती, म्हणजे सुधारणा मोठी झाली, हे मान्य. पण मर्यादेला टेकलेली गाडी आणि मर्यादेच्या निम्म्यावर थांबलेली गाडी एकाच शिक्क्याखाली विकली जाते, हे तुला दिसायला नको?

आता दुसरा पेपर, जो तू कोराच सोडलास. बीएस-६ च्या मर्यादांमध्ये कार्बन डायऑक्साइड नाहीच! तो स्वतःच काढावा लागतो, आणि तो काढायला नववीचं रसायनशास्त्र पुरतं. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळून वायू निघतो सुमारे २.३ किलो. जास्तीचं वजन आलं कुठून? बोल! हवेतला ऑक्सिजन. कार्बन १२, ऑक्सिजनचे दोन अणू ३२, मिळून ४४. फळ्यावर मांडून दाखवलं होतं मी, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास.

लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी वर्षाला १२,००० किलोमीटर चालली, तर पेट्रोल ६०० लिटर, वायू १,३८० किलो. तू ठरवलेली गाडी १२ चं मायलेज देते. तेवढ्याच अंतराला १,००० लिटर, वायू २,३०० किलो. दोन्ही बीएस-६, आणि फरक वर्षाला ९२० किलोंचा. शिवाय ४०० लिटर पेट्रोलचे पैसे तुझ्याच खिशातून. आणि डिझेलचं मायलेज बघून हुरळू नकोस. त्याच्या लिटरमागे सुमारे २.७ किलो धर.

"पण एआरएआयचा मायलेजचा आकडा खरा कुठे असतो," हे मला शिकवू नकोस. कोथरूडला राहतोस, ती संस्था तुझ्या टेकडीवरच आहे. मायलेजची चाचणी रोलरवर होते, ठरवून दिलेल्या वेगांनी, ताशी ९० च्या पुढे न जाता. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता तो आकडा मिळणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण सगळ्या गाड्यांना पेपर तोच असतो. म्हणून तो आकडा तुलनेसाठी वापरायचा, भरवशासाठी नाही. प्रयोगशाळेत पास आणि रस्त्यावर नापास, हे नाटक २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी जगाला दाखवलं. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर आवरणारं सॉफ्टवेअरच बसवलं होतं. आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावर उपकरण लावून धूर मोजतात. म्हणून गाडी जुनी घेणार असशील, तर २०२० ची आणि २०२३ नंतरची यांत फरक कर.

आणि "पीयूसी काढतो की नियमानं" हे पुन्हा म्हणू नकोस. पीयूसीच्या टपरीवर पेट्रोल गाडीचा उभ्या जागी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या धुराची दाटी बघतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे कुणी मोजत नाही. ते प्रमाणपत्र दंड वाचवतं, गाडी निवडून देत नाही.

तुझं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर. आणि तू आधी डिझेल बघत होतास! काजळी अडवणारी जाळी असते डिझेलला. अडकलेली काजळी जाळून टाकायला इंजिन बराच वेळ तापलेलं लागतं. चार-चार किलोमीटरच्या खेपांत जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि मग तू कंपनीला शिव्या देतोस. दोष जाळीचा नाही, न विचारता घेणाऱ्याचा.

बुकिंग अजून रद्द होतं. उद्या जा, तीन गाड्यांचा फॉर्म २२ बघायला माग. सेल्समननं डोळे वटारले तर वटारू देत, लाखो रुपये तुझे चाललेत. तिन्ही गाड्यांचा किलोमीटरमागचा कार्बन डायऑक्साइड काढ, शेजारी नायट्रोजनचा आकडा लिही, आणि तक्ता रविवारी मला आणून दाखव. ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये गोंधळ केलास, तर दारातूनच परत पाठवीन.